दोन्ही बटणांवर 'रद्द करा': डेबियनला पाठवलेला माझा पहिला बग

आईचा लॅपटॉप जुना, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ काही त्यावर चढेना, म्हणून दिवाळीत ऐरोलीहून नौपाड्याला घरी गेलो तेव्हा विंडोजच्या जागी डेबियन १३, म्हणजे लिनक्सवरची मोफत सिस्टिम, टाकून दिलं. आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता तिथूनच डेबियन चालवून, वायफाय, आवाज, प्रिंटर चालतंय का बघून घेतलं, हे कराच. डेबियन १२ पासून वायफाय चालायला लागणारं फर्मवेअर ऑफिशियल इमेजमध्येच, म्हणजे इन्स्टॉलच्या फाइलमध्येच, येतं त्यामुळे ती जुनी कटकट आता नाही. मी अडकलो ते भलतीकडेच, इन्स्टॉलरने रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड विचारला, मी भरला, आणि नंतर सुडो, म्हणजे साध्या युजरला ते अधिकार तेवढ्यापुरते देणारी कमांड, चालेचना. तो रकाना रिकामा सोडायचा असतो, मग पहिल्या युजरलाच सुडो मिळतं. मी शेवटी रूट होऊन युजरला सुडो ग्रुपमध्ये टाकलं, लॉगआउट करून परत आलो, तेव्हा झालं.

सगळं मराठीत करून दिलं, आई खूश. आठ दिवसांनी फोन, भिशीचा हिशोब गेला! झालं काय तर हिशोबाच्या त्या छोट्या प्रोग्रॅममध्ये बंद करताना जी खिडकी येते तिच्यात दोन बटणांवर 'रद्द करा' लिहिलेलं. एक खरंच रद्द करायचं, म्हणजे मागे जायचं, आणि दुसरं बदल फेकून देऊन बंद करायचं. इंग्रजीत दोन वेगळे शब्द, मराठीत दोन्हीला एकच. आईने त्यातलं एक दाबलं, तिची काहीच चूक नाही.

आधी वाटलं आपण कोण सांगणारे, मग वाटलं मराठी माणसाने नाही सांगितलं तर हे दिसणार कोणाला? डेबियनमध्ये रिपोर्टबग नावाचं टूल आहे, पॅकेजचं, म्हणजे प्रोग्रॅमचं, नाव दिलं की आधी आलेले बग, म्हणजे लोकांनी कळवलेल्या चुका, दाखवतं, ते नीट वाचा, आपलाच बग कोणीतरी आधी टाकलेला असू शकतो. व्हर्जन वगैरे ते स्वतःच जोडतं. स्टेबलमध्ये, म्हणजे आईकडे आहे त्या नेहमीच्या वापराच्या डेबियनमध्ये, दिसलेली चूक सिडमध्ये, म्हणजे कायम अनस्टेबल असणाऱ्या शाखेत, सुधारलेली असू शकते म्हणून मी व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरवर, सिड टाकून तिथेही बघितलं, चूक होतीच. मग गंभीरता विचारतं. डेटा गेला म्हणून मी 'ग्रेव्ह', म्हणजे अतिगंभीर, निवडणार होतो, पण ग्रेव्ह बग रिलीज अडवू शकतो, भाषांतरासाठी ते बरोबर नाही, 'नॉर्मल'च ठेवलं. आणि मेल आयडी वेगळा वापरा, तिथे पाठवलेलं सगळं कायमचं सगळ्यांना दिसतं.

रिपोर्टमध्ये इंग्रजी साधंच लिहिलं: काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, बास. सोबत फोटो. दहा-बारा दिवसांनी मेंटेनरचं, म्हणजे डेबियनमध्ये तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं की भाषांतर मूळ प्रोजेक्टकडून येतं, तिकडे पाठवतो, पण पॅच, म्हणजे केलेली दुरुस्तीच, दिलात तर लवकर होईल. मग प्रोग्रॅमचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवला, त्यात पीओ नावाच्या फोल्डरमध्ये मराठीची फाइल असते, एका ओळीत इंग्रजी, खाली मराठी, साध्या एडिटरमध्ये उघडते. दुसऱ्या बटणाला 'बदल टाकून द्या' केलं. 'सेव्ह करू नका' पण सुचलं होतं पण घाईत ते 'सेव्ह करा' वाचलं जाईल. वाक्यात टक्का एस (%s) किंवा टक्का डी (%d) दिसलं तर हात लावू नका, तिथे फाइलचं नाव किंवा आकडा येऊन बसतो. पाठवण्याआधी एमएसजीएफएमटी (msgfmt) या भाषांतराच्या फाइली तपासणाऱ्या कमांडने तपासा.

पॅच घेतला, सिडमध्ये आलाय. स्टेबलमध्ये मात्र येणार नाही, तिथे फक्त सिक्युरिटीचे आणि मोठे बगच दुरुस्त होतात, त्यामुळे आईच्या स्क्रीनच्या कडेला सध्या चिठ्ठी चिकटवलीय, कुठलं बटण दाबायचं त्याची.

त्याच फाइलीत बऱ्याच ओळींवर 'फझी' असं लिहिलेलं सापडलं, म्हणजे इंग्रजी बदललं आणि मराठी जुनंच राहिलं, अशा ओळी प्रोग्रॅम घेतच नाही, तिथे सरळ इंग्रजी दिसतं. त्या आता करायला घेतल्यात. रात्री आईला फोनवर एकेक वाचून दाखवतो, तिला पहिल्या झटक्यात नाही कळलं तर शब्द बदलतो.