टोल्युईनच्या एका कागदासाठी सात आठवडे

भोसरी एमआयडीसीत आमचा गाळा आहे. गाडीच्या इंजिनाखाली बसणारी रबर-धातूची माउंटिंग आम्ही बनवतो. धातूचा तुकडा शॉट ब्लास्ट करायचा, म्हणजे बारीक छऱ्यांच्या माऱ्याने साफ करायचा, त्यावर रबर धातूला चिकटवणाऱ्या बॉन्डिंग एजंटचा हात मारायचा, वाळला की रबरासोबत साच्यात घालायचा. हे बॉन्डिंग एजंट पातळ करायला टोल्युईन लागतं. सासऱ्यांच्या काळापासून २०० लिटरचा ड्रम यायचा, कोपऱ्यात उभा राहायचा आणि लागेल तसं प्लास्टिकच्या बादलीत काढून घेतलं जायचं. सगळे त्याला 'थिनर' म्हणायचे. ड्रमवर मार्करने लिहिलेलंही तेवढंच.

ग्राहकाचं ऑडिट लागलं तेव्हा यादीत एक ओळ होती: गाळ्यातल्या प्रत्येक केमिकलचा एमएसडीएस, म्हणजे त्याचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारं सुरक्षा माहितीपत्रक. मला वाटलं, दोन दिवसांचं काम. बॉन्डिंग एजंटचा दुसऱ्याच दिवशी आला, साच्याला मारायच्या सिलिकॉनचा त्या संध्याकाळी. टोल्युईनचा यायला सात आठवडे लागले, आणि त्यातला प्रत्येक आठवडा मला अजून आठवतो.

पुरवठादाराला पहिल्यांदा फोन केला तर "मेल टाका". मेल टाकला, चार दिवस काही नाही. परत फोन केला, तर बिलाची प्रत पाठवली. एमएसडीएस म्हणजे बिल नव्हे हे सांगितलं, तर टेस्ट सर्टिफिकेट आलं: शुद्धता, घनता, रंग. उपयोगाचा कागद, पण आग लागली तर काय करायचं, डोळ्यात गेलं तर काय करायचं, यातलं त्यात एक अक्षर नाही. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. दीड तास. शेवटी मालक बाहेर आले आणि म्हणाले, "वहिनी, एवढी वर्षं माल देतोय तुमच्याकडे, कधी कुणी मागितला नाही. थिनरच आहे ते, काळजी करू नका." काळजी कशाची करायची हे कळावं म्हणूनच तर मी तो कागद मागत होते.

चौथ्या आठवड्यात एकदाचं एमएसडीएस आलं. सोळा विभाग, व्यवस्थित छापलेलं, परदेशी कंपनीचं. दीर म्हणाले, झालं, लावा फाईलला. मी रात्री घरी बसून वाचलं. उत्कलनबिंदू १३८ अंशांच्या पुढे आणि फ्लॅश पॉइंट २७. प्रत्येक रसायनाला ओळखीसाठी एक कॅस क्रमांक असतो; टेस्ट सर्टिफिकेटवर तो होता १०८-८८-३, या कागदावर होता १३३०-२०-७. म्हणजे आम्हाला पाठवलेला कागद टोल्युईनचा नव्हताच, झायलीनचा होता. टोल्युईन ११०.६ अंशांना उकळतं आणि त्याचा फ्लॅश पॉइंट आहे ४ अंश. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ जमते ते तापमान.

ही चूक किती मोठी आहे हे समजायला मला आणखी दोन दिवस लागले. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात टोल्युईनसारखे द्रव हायड्रोकार्बनही मोडतात. फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली असला की वर्ग 'अ', २३ ते ६५ च्या मधे असला की वर्ग 'ब'. वर्ग 'ब' चा माल २५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतो, कुठलंही एक भांडं १००० लिटरच्या वर नसलं म्हणजे झालं. वर्ग 'अ' चा माल विकायचा नसला तरी परवान्याशिवाय फक्त ३० लिटर. त्या चुकीच्या कागदावर आमचा ड्रम बिनधास्त बसत होता. खऱ्या कागदावर तो परवान्याशिवाय ठेवता येत नव्हता. आणि कायद्याचं बाजूला ठेवलं तरी, २७ अंश वाचून माणूस समजतो की डिसेंबरच्या थंडीत काही होणार नाही. पुण्यात थंडीच्या पहाटे पारा ८-९ वर उतरतो, म्हणजे ४ च्या वरच. भोसरीत टोल्युईन पेटणार नाही अशी पहाट उगवतच नाही.

मी हे पुरवठादाराला सांगितलं. उत्तर आलं: "हाच लावा, ऑडिटवाले आत उघडून बघत नाहीत." त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ब्रश मारणारे मामा बावीस वर्षं आमच्याकडे आहेत. कागद ऑडिटवाल्यासाठी नव्हता, मामांसाठी होता.

मग मी दोन गोष्टी केल्या. १९८९ चे घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण आणि आयातीचे नियम आहेत, त्यातला १७ वा नियम काढला. ज्याच्या ताब्यात असं रसायन आहे त्याने सुरक्षा माहितीपत्रक मिळवायचं किंवा तयार करायचं, आणि प्रत्येक भांड्यावर आत काय आहे आणि ते कुणी बनवलं हे लिहिलेलं असलं पाहिजे, असं त्यात आहे. त्याची प्रत जोडून पत्र लिहिलं. आणि थकलेलं बिल थांबवलं. एमएसडीएस आणि लेबल आल्याशिवाय पेमेंट नाही, हे लेखी कळवलं. हे आधीच करायला हवं होतं. तुम्ही करत असाल तर पहिल्याच ऑर्डरवर ही अट घाला, सात आठवड्यांनी नाही. सातव्या आठवड्यात मूळ उत्पादकाचा टोल्युईनचा कागद आला, आमच्या ड्रमच्या बॅच क्रमांकासह. मी पहिल्यांदा कॅस क्रमांक पाहिला, मग बाकीचं. ड्रममधला नमुना एका प्रयोगशाळेत फ्लॅश पॉइंट मोजायच्या अ‍ॅबेल उपकरणावर तपासूनही घेतला. विश्वास उरलाच नव्हता.

खरा कागद हातात आल्यावर गाळा बदलायला चार दिवस लागले.

ड्रम बंद केला. आता २० लिटरचा एकच धातूचा सीलबंद कॅन येतो, तो संपल्यावर दुसरा. बॉन्डिंग एजंटमध्येही सॉल्व्हंट असतो, म्हणून त्याचे डबेही मी ३० लिटरच्या हिशोबात धरते. परवान्याशिवाय ठेवायचा वर्ग 'अ' चा माल काच, चिनी माती किंवा धातूच्या घट्ट बुचाच्या भांड्यात ठेवायचा, काच-चिनी मातीचं एक लिटरपर्यंत, धातूचं २५ लिटरपर्यंत, असं कायद्यात लिहिलंय. प्लास्टिक त्यात नाही. कारण मला नंतर समजलं. टोल्युईनमधून वीज नीट वाहत नाही, ते ओतताना घासण्याने स्थिर विद्युत साठते. प्लास्टिकची बादली अर्थिंगला जोडताच येत नाही, मग ती ठिणगी होऊन कधी बाहेर पडेल सांगता येत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत नायलॉनचा शर्ट काढताना चटचट होतं ना, तेच. आता कॅन आणि स्टीलचं भांडं आधी तांब्याच्या वायरने एकमेकांना, मग अर्थिंगला. चिमटा लावायच्या जागेचा रंग खरवडून धातू उघडा केलाय, नाहीतर चिमटा लावून न लावल्यासारखाच. मामा आणि मुलं त्या खोलीत सुती कपड्यांत असतात.

झाकण लावलेला ड्रम सुरक्षित असतो अशी माझीही समजूत होती. २५ अंशांना टोल्युईनवरच्या बंद हवेत वाफेचं प्रमाण साधारण ३.७ टक्के होतं, आणि हवेत १.१ ते ७.१ टक्के वाफ असली की ती पेटते. म्हणजे बंद ड्रमच्या आतली हवा नेमकी पेटायला तयार. पेट्रोलच्या भरल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आतल्या आत पेटायला हवा कमी पडते. टोल्युईनचं तसं नाही.

वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असते, ती खाली जमिनीवरून सरकते. आमचा एक्झॉस्ट छताजवळ होता, तो काही उपयोगाचा नव्हता. आता जमिनीपासून वीतभर उंचीवर फ्लेमप्रूफ मोटरचा पंखा आहे. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालतं आणि दोघांची गटार एकच, म्हणून आमच्या बाजूचं तोंड बंद केलं. मोबाइल चार्जिंगचा सॉकेट त्या खोलीतून काढला. ब्रश पुसायच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, संध्याकाळी बाहेर. आग लागली तर फोम किंवा डीसीपी, म्हणजे आग विझवायची कोरडी पावडर. पाणी नाही. टोल्युईन पाण्यापेक्षा हलकं, पाण्यावर तरंगत पेटतं राहतं. ऑडिटच्या दिवशी हे मी सगळ्यांना मराठीत समजावून सांगितलं आणि कागदाचा मराठी सारांश भिंतीवर लावला.

मामा म्हणत होते, वास आला की कळतं आम्हाला. वास अगदी थोड्या वाफेलाही येतो, आणि नाकाला त्याची सवय होते. तासाभराने वास गेला वाटतो, वाफ तिथेच असते. वास जाणवेनासा झाला तरी डोकं दुखणं, चक्कर येणं सुरू होऊ शकतं. आता कुणाचं डोकं जड झालं की काम थांबतं, कुणी काही विचारत नाही.

रिकाम्या ड्रमचं राहिलं सांगायचं. भंगारवाला गॅस कटर घेऊनच आला होता, झाकण कापून पाण्याची टाकी करतो म्हणाला. रिकाम्या ड्रमच्या तळाशी पेलाभर टोल्युईन राहिलं तरी आत पेटती हवा तयार असते. मी त्याला परत पाठवलं आणि ड्रम पुरवठादाराच्या गाडीत बुच लावून चढवला. त्यांच्या माणसाची ड्रम मिळाल्याची सही घेतली. ती एमएसडीएसच्या मागे त्याच फाईलला लावली आहे.