टोरांटोच्या विमानासाठी हेडफोन घेताना

लेक टोरांटोला असल्यामुळे अधूनमधून तिकडे जाणं होतं. मुंबई ते दुबई तीन तास, त्याचं काही वाटत नाही. जीव जातो तो पुढच्या चौदा तासांत. अवघडलेले गुडघे, बेचव जेवण, खांद्यावर मान टाकून झोपणारा शेजारी, सगळ्याची सवय होते. इंजिनाच्या घोंघाटाची होत नाही. उडत्या विमानाच्या केबिनमध्ये साधारण ८० ते ८५ डेसिबल आवाज असतो आणि तो एक क्षण थांबत नाही. उतरल्यावरही कितीतरी वेळ कानात तेच घूं-घूं चालू राहतं. यंदा जायचं ठरलं तेव्हाच ह्यांना सांगून टाकलं, बाकी खरेदी राहिली तरी चालेल, बाहेरचा गोंगाट दाबणारे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायचे म्हणजे घ्यायचे.

शेजारच्या मुलाने लगेच मोबाइलवर पंधराशेचे इअरबड काढून दाखवले. "काकू, ह्यात पण नॉइज कॅन्सलेशन हाय की, बघा, लिहिलंय." लिहिलं होतं खरं, पण काय लिहिलं होतं? ईएनसी. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण स्वस्त मालाच्या खोक्यावर हीच तीन अक्षरं मोठ्या टायपात असतात. ईएनसी फोनवर बोलताना कामाला येतं: आपल्याभोवतीचा गोंगाट कापून पलीकडच्याला आपला आवाज साफ ऐकू जावा म्हणून. आपल्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्याला हवं असतं ते एएनसी, म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन.

एएनसीचं काम गमतीचं आहे. हेडफोनवरचे छोटे माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि आतलं यंत्र त्याच्या बरोब्बर उलटी लहर तयार करून कानात सोडतं. लहरीचा उंचवटा तिथे खोलगा, खोलगा तिथे उंचवटा. खड्ड्यात मुरूम टाकून रस्ता सपाट करावा तसा आवाज सपाट होतो. घुमणारा, एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज असेल तर हे छान जमतं, कारण पुढच्या क्षणी तो कसा असेल याचा अंदाज येतो. तान्ह्या बाळाचं रडणं किंवा हवाईसुंदरीचं बोलणं वरच्या पट्टीतलं आणि क्षणाक्षणाला बदलणारं. तिथे उलटी लहर वेळेत पोचत नाही, जे काही अडतं ते कानावरच्या गादीमुळे. म्हणून कोणी "काहीच ऐकू येत नाही" असं छातीठोकपणे सांगायला लागलं, तर त्याने ते विमानात वापरलेले नाहीत असं खुशाल समजावं.

जाता जाता, प्रवाशांसाठी हे करावं असं बोस ही स्पीकर-हेडफोनची कंपनी काढणाऱ्या अमर बोस यांच्या डोक्यात आलं तेही विमानातच, १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना. त्यांचे वडील कोलकात्याचे, स्वातंत्र्यचळवळीतले. इंग्रजांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेला गेलेले. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं आणि आपल्यासारख्या प्रवाशांपर्यंत ही चैन आली २००० मध्ये.

आधी आमच्या सांगलीतल्या कॉलेज कॉर्नरजवळच्या एका दुकानात गेले. पोराने हेडफोन कानावर चढवला आणि ढणढण गाणं लावलं. "बेस बघा मॅडम." मी म्हटलं, गाणं बंद कर, एएनसी चालू ठेव आणि मला त्या एसीखाली उभी राहू दे. तो बघतच राहिला. काहीच न लावता ही बाई ऐकतेय काय, असा त्याचा चेहरा. पण दुकानात गाणं ऐकून एएनसी कळत नाही, घुमणारा आवाज हवा. एसीची घरघर पुरेशी नव्हती, बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न मात्र सगळ्याच हेडफोनमधून आरपार येत होते.

खरी परीक्षा झाली आमच्या विश्रामबागेतल्या पिठाच्या गिरणीत. भाचा पुण्याहून सुट्टीला आला होता, त्याच्याकडे सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४. मैत्रिणीच्या सुनेकडून एक पाच हजारांतला मागून आणला. पिशवीत जोंधळे आणि दोन हेडफोन घेऊन आम्ही दोघं गिरणीत. गिरणीवाले काका म्हणाले, "काय ओ बाई, गाणी ऐकत दळणार व्हय?" स्वस्तातला चढवला, मोटरची घरघर निम्म्यावर आली. एक्सएम४ चढवला आणि मोटर जवळजवळ गेलीच. राहिली ती पट्ट्याची पट-पट, डबे आपटल्याचा आवाज आणि "गव्हाचं कुणाचं?" ही काकांची हाक. विमानात काय जाणार आणि काय उरणार, याचा नमुना तिथेच मिळाला.

तिथेच आणखी एक गोष्ट कळली. माझ्या चष्म्याची फ्रेम जाड प्लास्टिकची. काडीमुळे गादी कानामागे पुरती टेकत नाही, फट राहते, आणि तेवढ्या फटीतून नेमका खालच्या पट्टीतला आवाज आत शिरतो. चष्मा काढला की घरघर गायब, घातला की हजर. घरी येऊन कपाटातला जुना तारेच्या बारीक फ्रेमचा चष्मा काढला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गिरणीत. फरक स्वच्छ कळला. कानातले वेल आणि मोठ्या कुड्यांचंही तसंच, गादीखाली रुततात. प्रवासात बारीक खडा बरा.

एक्सएम५ आणि एक्सएम६ ही पुढची मॉडेलं आलेली असताना मी मुद्दाम एक्सएम४च घेतला. २०२०चं मॉडेल, त्यामुळे नव्यापेक्षा स्वस्त. एक्सएम५ घडी होत नाही, हा होतो. पर्समध्ये जपमाळ, औषधं, चष्म्याचं घर यांच्या गर्दीत मावायला हवा ना. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास. एएनसी चालू ठेवून बॅटरी तीस तास जाते, म्हणजे दुबईतला मुक्काम धरूनही निभावतं. चार्जिंगला लावला की मात्र बंदच होतो, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री आठवणीने भरून घ्यायचा. आणि खोक्यात वायर होती, शिवाय दोन पिनांचा विमानातला अडॅप्टर. बऱ्याच विमानांत सीटच्या हाताशी अजून ती दोन भोकं असतात. अडॅप्टर नसला तर समोरच्या पडद्यावरचा सिनेमा मुकाच बघावा लागतो, नाहीतर विमानातले ते कानाला टोचणारे हेडफोन आहेतच.

घरी लावून बघताना एक फजिती झाली. मी सांगलीची, नाट्यपदं लागली की गुणगुणणं आपसूक होतं. मी सूर लावला की गाणं बंद! पुन्हा गुणगुणले, पुन्हा बंद. वाटलं, बिघडलेलाच पीस आला. भाच्याला फोन केला तर तो पोट धरून हसला. "मावशी, तू बोलतेयस असं त्याला वाटतंय गं." आपण बोलायला लागलो की गाणं थांबवून बाहेरचं ऐकवायची त्यात सोय आहे, स्पीक-टू-चॅट. ॲपमधून ती बंद केली.

विमानात मात्र दुसरी सोय कामाला आली. उजव्या कानावर तळहात ठेवला की तेवढ्यापुरता बाहेरचा आवाज आत येतो. "व्हेज ऑर नॉनव्हेज" ऐकायला हेडफोन उतरवायची गरज नाही. विमान वर जाऊन स्थिरावल्यावर हेडफोनवरचं कस्टमचं बटण दाबून धरलं. टिंग-टिंग आवाज येतात आणि तो हवेच्या दाबाप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो. इंजिन अगदी शून्य होत नाही, भिंतीपलीकडे गेल्यासारखं होतं. त्यामुळे गाणं हळू आवाजात ऐकता येतं. एरवी घोंघाटावर मात करायला आपण आवाज वाढवतच जातो. मागच्या रांगेतलं बाळ रडलं तेव्हा ऐकू आलंच, पण अंगावर आल्यासारखं नाही.

तक्रारीही आहेत. काही तासांनी कान घामेजतात. टाळूवर पट्टी दाबते, अंबाडा खाली घ्यावा लागतो. कुशीवर झोपता येत नाही. काहींना एएनसी लावल्याबरोबर कानात दडे बसल्यासारखं वाटतं. मला नाही वाटलं, पण घेण्याआधी अर्धा तास घालून बघितलेलं बरं. आणि उतरताना कान दुखतात ते हवेच्या दाबामुळे. त्यावर हेडफोनचा काही इलाज नाही, गोळी चघळायची आणि आवंढे गिळायचे.

आमच्या ह्यांनी या सगळ्या खटाटोपात भाग घेतला नाही. औषधाच्या दुकानातून फोमचे बोळे घेतले, चुरगाळून कानात सारले, फुगेपर्यंत बोटाने धरले आणि अटलांटिक ओलांडेपर्यंत घोरत पडले. खरं सांगायचं तर ज्याला फक्त झोपायचंय त्याला तेवढं पुरतं. बोळे बाळाचं रडणंही बऱ्यापैकी अडवतात. मी तर परतीच्या प्रवासात आत बोळे आणि वर हेडफोन असं दोन्ही लावलं. गाणं नाही ऐकता येत, पण ह्यांचं घोरणंसुद्धा गेलं.