नुसतं गार लागतंय

लग्नाकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, तू नक्की डॉक्टर की प्राध्यापक? कागदावर मी सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनची असिस्टंट प्रोफेसर. म्हणजे सकाळी आधी मोबाईलला तोंड दाखवायचं (२०२५ पासून आधारवाली फेस हजेरी, मेकअप नसला तरी ओळखते, एवढंच बरं), मग राउंड, मग ओपीडी, मधेच फायनल इयरच्या पोरांचं क्लिनिक (पेशंटच्या खाटेजवळचा वर्ग), दुपारी लेक्चर, आणि उरलेल्या वेळात पीजीचा (एमडी करणाऱ्या डॉक्टरांचा) थिसिस नि लॉगबुकांवर सह्या.

ओपीडीत एका पेशंटला दोन मिनिटं मिळाली तरी खूप. तशाच दोन मिनिटांत एक माळकरी आजोबा आले होते, शुगरची मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू, हिमोग्लोबिन ८, पायाला मुंग्या. मी लोहाच्या गोळ्या लिहिल्या, मुंग्या शुगरच्या म्हणून सोडून दिल्या आणि पुढचा नंबर घेतला.

तीन आठवड्यांनी तेच आजोबा चालताना तोल जातो म्हणून वॉर्डात ॲडमिट, आणि नेमके क्लिनिकला केस म्हणून समोर. एरवी मागच्या रांगेत उभी राहणारी एक मुलगी म्हणाली, मॅडम, ह्यांच्या बोटांची पेरं एवढी काळी का आहेत? मला पटकन उत्तर सुचेना म्हणून म्हटलं, तू तपास पुढे. तिने १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्यावर ठेवला. आजोबा, थरथर जाणवते का? आजोबा म्हणाले, "न्हाय गं, नुसतं गार लागतंय."

माझ्याच पोटात गार पडलं. जीभ बघितली तर गुळगुळीत लाल. रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, ११२, नेहमीपेक्षा मोठा, तो माझ्यासमोर ओपीडीतही होता, मी फक्त हिमोग्लोबिनचा आकडा वाचला होता. बी१२ची कमतरता, पेरं काळी त्यानेच. शाकाहारी माणूस, वर मेटफॉर्मिन, दोन्हींनी बी१२ घटतं, दरवर्षी लेक्चरला हीच जोडी मी घसा फोडून सांगते!

पोरांना तिथंच सांगून टाकलं की ओपीडीत हे मीच मिस केलंय. पीजी इकडेतिकडे बघायला लागले. शिकवण्यात पेशंटचा वेळ जातो असं आमच्यातलेच काहीजण म्हणतात, पण त्या दिवशी मी शिकवायला उभी नसते तर त्या अंगठ्याला कुणी हात लावला असता का, मला नाही वाटत.

असोसिएट प्रोफेसर व्हायला चार वर्षं आणि दोन रिसर्च पेपर लागतात, एकट्यादुकट्या पेशंटची केस रिपोर्ट त्यात धरत नाहीत, त्यामुळे आजोबा माझ्या प्रमोशनच्या काही कामाचे नाहीत.

इंजेक्शनं सुरू झाली. अडीच महिन्यांनी आजोबा काठी टेकत ओपीडीत आले, "ती चिमटावाली पोरगी कुठंय?" तिची पोस्टिंग संपून ती सर्जरीला गेली होती. मग स्वतःच चप्पल काढून पाय पुढे केला, लावा बघू म्हणाले. मी पीजीकडून फोर्क मागवला, बाहेर लाईन ओरडत होती.

"हां, थोडं थोडं हलतंय. गार बी लागतंय."