आधी टेप, मग औषध

आज टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषी हार्मोनचा, रिपोर्ट दाखवायला गेलो. आकडा २४० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर; साधारण ३०० च्या खाली कमी धरतात. ऑफिसातल्या मंडळींनी इंजेक्शनचं भाकीत केलं होतं. डॉक्टरांनी टेप काढली, कंबर मोजली: १०२ सेंटिमीटर! भारतीय पुरुषाला ९० च्या आत हवी.

पोटावरच्या चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) करून टाकतं. टेस्टोस्टेरॉन घटलं की स्नायू घटतात, इन्सुलिन नीट चालत नाही, चरबी आणखी वाढते. दोन्हीकडून मार!

टपरीवरचा गोड चहा आणि खारी बंद. रात्री भात अर्धा, उसळ दुप्पट. चाचणी पुन्हा करायचीय, तीही सकाळी उपाशीपोटी, कारण दुपारनंतर पातळी उतरते. बायकोने लगेच मटकी भिजत घातलीय. भाऊ मात्र प्रोटीन पावडरचा डबा घे म्हणून मागे लागलाय. स्वतः कधी जिमची पायरी चढला नाही!