शंभर पिसे

ऐतिहासिक कादंबरी दिसली की हात आपोआप पुढे जावा, ही आमच्या पिढीची जुनी खोड. भाच्याच्या कपाटात ‘असॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेमवरून लिहिलेली ‘रेनेसाँ’ ही इंग्रजी कादंबरी सापडली, तेव्हा नाक मुरडत का होईना, मी ती दोन दुपारींत वाचून काढली. मुखपृष्ठावरचे ऑलिव्हर बोडेन हे नाव खरे नसून टोपणनाव आहे. खेळाचा दुसरा भाग आला त्याच वर्षी, म्हणजे २००९ साली, ही कादंबरीही निघाली.

कथा फ्लॉरेन्सची. सावकाराचा उनाड मुलगा एझिओ, फासावर गेलेले वडील आणि दोन भाऊ, आणि मग सुडाचा लांबलचक प्रवास. २६ एप्रिल १४७८ रोजी भर प्रार्थनेत, कॅथेड्रलमध्ये, फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्यातल्या दोघा बंधूंवर खरोखरच हल्ला झाला. धाकटा जुलियानो ठार झाला आणि लोरेंझो जखमी होऊन निसटला. या गदारोळात एझिओला आणून उभे करणे ही ऐतिहासिक कादंबरीकाराची नेहमीचीच युक्ती झाली, आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण वेगळीच आहे. हा नायक लेखकाच्या हाती येण्याआधीच असंख्य खेळाडूंच्या अंगठ्यांनी त्याला गावभर हिंडवलेले असते.

भाचा खेळात मनोऱ्यावर चढतो तेव्हा पाच मिनिटे घालवतो, दोनदा पडतो आणि वर पोहोचल्यावर खाली पसरलेल्या कौलारू छपरांकडे नुसता पाहत बसतो. पुस्तकात ‘तो वर चढला’ एवढ्यावर काम भागते. मूळ खेळात एझिओची सारी हकीकत म्हणजे आजच्या काळातल्या डेस्मंड नावाच्या तरुणाने यंत्रात पडून अनुभवलेली पूर्वजाची आठवण असते. त्यामुळे नायक मेला तरी आठवण चुकली असे मानून मागून पुन्हा सुरुवात करता येते. कादंबरीने डेस्मंडला गाळले, ते मला योग्यच वाटले, पण त्याबरोबर चुकण्याची मुभाही गेली. इथला एझिओ पहिल्याच उडीत नेम साधतो, आणि म्हणूनच त्याची फारशी काळजी वाटत नाही.

याउलट याच मालिकेतली २०१२ सालची ‘फॉरसेकन’ ही कादंबरी मला मनापासून आवडली. खेळात बहुतांशी शत्रूच्या बाजूला उभा असणारा हेथम केनवे इथे रोजनिशी लिहितो, लंडनमधले आपले बालपण सांगतो, आणि जे कंट्रोलरच्या कुठल्याही बटणात मावत नाही ते, म्हणजे स्वतःच्या बाजूविषयीची शंका, कागदावर सावकाश उतरू लागते. खेळाची बरोबरी करण्याचा हट्ट सोडला की ही पुस्तके सुधारतात, असे माझे मत झाले आहे.

हे सारे मी भाच्याला ऐकवत होतो, तेव्हा तो छपरावर काहीतरी शोधत होता. एझिओच्या फाशी गेलेल्या धाकट्या भावाला पिसे जमवण्याचा नाद होता. खेळात अशी १०० पिसे गावोगावच्या छपरांवर विखुरलेली असतात आणि ती वेचून, दुःखाने मुकी झालेल्या आईच्या खोलीतल्या पेटीत नेऊन ठेवायची असतात. लढाई नाही, घाई नाही, नुसते वेचायचे. शंभर वेळा एकच कृती कुठला संपादक छापू देईल?

“किती झाली रे?” मी विचारले.

“एकसष्ट,” भाचा म्हणाला, “आणि मामा, जरा बाजूला सरक, कोपऱ्यातलं दिसत नाहीये.”