एक भोक, दोन पिना

दिवसभर निवांत काही ऐकायला वेळ नसतो. रात्री अंथरुणावर पडलं की वेळ असतो, पण तोवर फोनमध्ये जीव उरलेला नसतो. ऐकायची वेळ आणि चार्जिंगची वेळ पहिल्यापासून एकच आहे. फोनचा हेडफोन जॅक ज्यांनी काढून टाकला त्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्याकडेही रात्र होतच असेल.

आता फोनला खाली एकच भोक. त्यात एक तर चार्जरची पिन बसते, नाही तर हेडफोनची. मुलाखत ऐन रंगात आलेली असते, बॅटरी लाल झालेली असते आणि माणूस हिशेबाला बसतो. स्क्रीन बंद ठेवली तर पुरेल का? आवाज दोन घरं खाली आणला तर? शेवटी हेडफोन उपसून चार्जर खुपसायचा आणि छताकडे बघत पडून राहायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्या 3.5 मिलिमीटरच्या जॅकचं घराणं तसं जुनं. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधले ऑपरेटर पाव इंच जाडीची पिन भोकात घालून दोन माणसांची गाठ घालून देत. तीच पिन पुढे बारीक झाली, ट्रान्झिस्टरमध्ये शिरली, 1979 साली वॉकमनबरोबर लोकांच्या कमरेला लटकली आणि फोनमध्ये येऊन स्थिरावली. तिच्यावरचे पट्टे पाहा: एक डाव्या कानाचा, एक उजव्या कानाचा, एक दोघांच्या परतीच्या वाटेचा, आणि माइक आल्यावर चौथा. या चौथ्याच्या जागेवरून कंपन्यांमध्ये थोडी भाऊबंदकी झाली खरी, पण तेवढीच. बाकी पिनेला अक्कल अशी नव्हती. खुपसली की आवाज. समोर कुणाचा फोन आहे, याची चौकशी ती करत नसे.

सप्टेंबर 2016 मध्ये अ‍ॅपलने आयफोन 7 मधून जॅक काढला. पहिला मान त्यांचा नव्हे, ओप्पोने 2012 मध्येच एका चपट्या फोनातून तो काढला होता. पण बोभाटा झाला तो अ‍ॅपलचा, कारण हे धाडस आहे असं त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं. त्याच कार्यक्रमात बिनवायरीचे एअरपॉड्सही दाखवले, हा आपण योगायोग समजू. पुढच्याच महिन्यात गूगलने पिक्सेलच्या जाहिरातीत आमच्याकडे जॅक आहे म्हणून चिमटा काढला आणि 2017 च्या पिक्सेल 2 मधून तो स्वतःच गाळला. सॅमसंगनेही टिंगल केली आणि 2019 च्या नोट 10 मध्ये तेच केलं. हसणाऱ्यांचे दात दिसले, एवढंच.

त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. जॅकची नळी फोनच्या पोटात चांगली खोल जाते आणि त्या पोटात आता बॅटरी, कॅमेरे अशी गर्दी आहे. हे मान्य. पण मग चार्जिंग करताना ऐकायचं कसं?

त्यासाठी दोन तोंडांचा अडॅप्टर मिळतो. एकात चार्जर, एकात हेडफोन, मागे फोनमध्ये जाणारी टाईप-सीची पिन. इथे खरी गंमत सुरू होते, कारण बाहेरून सारखे दिसणारे हे अडॅप्टर आतून सारखे नसतात. माझ्याकडचा एक अडॅप्टर एका फोनवर गातो आणि दुसऱ्यावर मुका बसतो. कारण असं की आकड्यांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, फोनच्या पोटात असतेच, पण तिचा तयार आवाज काही फोनच टाईप-सीतून बाहेर सोडतात. बाकीचे नुसते आकडे पाठवतात. त्यांच्यासाठी डॅक अडॅप्टरमध्ये हवा, आणि माझ्या त्या अडॅप्टरमध्ये तो नाही. तयार आवाज सोडण्याच्या पद्धतीत नियमाप्रमाणे सोबत चार्जिंग करता येतं, पण जेमतेम 500 मिलिअँपिअरचं. मोठी बॅटरी असेल तर पहाट होते.

डॅक असला तरी भागत नाही. डॅक फोनच्याच विजेवर चालतो. इथे फोन यजमान आणि यजमानाने पाहुण्याला वाढायचं, हा टाईप-सीचा मूळ रिवाज. तेवढ्यात दुसऱ्या तोंडातून चार्जर येतो आणि आता यजमानानेच पानावर बसायचं असतं, तेही यजमानपण न सोडता! हे जमवण्यासाठी पॉवर डिलिव्हरी नावाची बोलणी फोन, अडॅप्टर आणि चार्जर यांच्यात व्हावी लागतात. स्वस्त अडॅप्टरात ती बोलणी करणारं कुणी नसतं. मग गाणं वाजतं पण टक्के वाढत नाहीत, किंवा टक्के वाढतात आणि कानात शांतता. बोलणी झाली तरी काही अडॅप्टर चार्जर लावताक्षणी क्षणभर हेडफोन सोडून देतात. शहाणी अ‍ॅप तेवढ्यात थांबतात. एखादं आगाऊ अ‍ॅप मात्र उरलेलं वाक्य स्पीकरवरून खणखणीत म्हणून टाकतं. शेजारी झोपलेल्या माणसाला त्या वाक्यात अजिबात रस नसतो.

तेव्हा घ्यायचाच तर डॅक आणि पॉवर डिलिव्हरी या दोन्हींचा उल्लेख खोक्यावर शोधून घ्यावा. मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘टू इन वन’वर जाऊ नये.

वायरलेस चार्जिंगने भोक मोकळं राहतं, हे खरं. पण फोन चकतीवर चिकटून हवा. जरा उचलून पाहिला की चार्जिंग बंद, आणि वर तो गरम होतो. ब्लूटूथचे इअरबड घेतले तर वाद मिटतोच, फक्त आता फोन, दोन बड आणि त्यांची डबी अशा चार बॅटऱ्या पाळायच्या. वायरच्या हेडफोनला बॅटरी नावाची गोष्टच नव्हती. शिवाय तीच वायर एफएम रेडिओची अँटेना व्हायची, म्हणून तर हेडफोन लावल्याशिवाय फोनवरचा रेडिओ सुरू होत नसे. जॅकबरोबर बऱ्याच फोनांतून तोही गेला, आणि त्याच्यासाठी कुणी हळहळलंसुद्धा नाही.

जुन्या जॅकवर सगळं गोड होतं असंही नाही. चार्जर लावला की कानात एक बारीक गुणगुण सुरू व्हायची, खिशातला कचरा भोकात साठायचा आणि मग पिन एका कानाला ऐकवून दुसऱ्याला उपाशी ठेवायची. ती अंगठ्याने एका बाजूला दाबून धरत लोकांनी अख्खे सिनेमे पाहिलेत.

सोनीने 2018 मध्ये काढलेला जॅक 2020 मध्ये एक्सपीरिया 1 मार्क 2 या महागड्या फोनात परत बसवला. स्वस्तातल्या कितीतरी फोनांतून तर तो कधी गेलाच नाही. म्हणजे जागा करायची म्हटली तर होते. नवा फोन दाखवणारा माणूस कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगत असतो तेव्हा मी मान डोलावतो आणि फोन आडवा-उभा फिरवून आधी त्याच्या कडा बघून घेतो.