मानेच्या ऑपरेशननंतर हात उचलेना: माझा अनुभव

मानेच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या प्रत्येकाने पहिले काही आठवडे रोज सकाळी दोन्ही हात कडेने खांद्याच्या वर नेऊन पाहावेत. हे आधीच सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

ऑपरेशन छान झालं. मज्जारज्जूवर दाब होता, बटणं लागत नव्हती, चालताना तोल जायचा. मानेच्या मागून मणक्यांच्या कमानी उघडून रज्जूला जागा करून दिली, म्हणजे लॅमिनोप्लास्टी. बोटं सुटी झाली, पायात जोर आला. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं, ‘हातापायांची ताकद पाचपैकी पाच, गुंतागुंत नाही.’ त्या दिवशी ते खरं होतं.

घरी आल्यावर काही दिवसांतच एका सकाळी केस विंचरायला उजवा हात उचलला, तर तो वर जाईचना. मुंग्या नाहीत, फारसं दुखणंही नाही. मूठ घट्ट वळत होती, पेन धरता येत होतं. कप तोंडाशी नेताना मात्र हात थरथरायचा.

याला सी-फाइव्ह पाल्सी म्हणतात. मानेतून निघणाऱ्या पाचव्या नसेवर खांद्याचा डेल्टॉइड आणि दंडाचा बायसेप्स हे स्नायू मुख्यतः अवलंबून असतात. दाब निघाल्यावर मज्जारज्जू मागे सरकतो आणि ही आखूड नस ताणली जाते, असं एक कारण सांगतात. दुसरीही कारणं मांडली जातात, एकमत नाही. साधारण शंभरातल्या पाच जणांना हे होतं, मागून केलेल्या ऑपरेशनात जास्त. आणि मुख्य म्हणजे हे बहुधा ऑपरेशन टेबलावर होत नाही. रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा हात ठीक असतो, मग काही तासांनी, काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही तो पडतो.

म्हणजे कार्डावर सही होऊन गेल्यावर. माझं सगळं अडलं ते इथेच.

फोन केला तर उत्तर आलं, ‘टाके काढायची तारीख दिलीय ना, तेव्हा या. अशक्तपणा असतोच.’ मी ऐकलं नाही, गेले. ओपीडीतल्या तरुण डॉक्टरांनी आधी कार्ड वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. कार्डात ताकद पूर्ण, म्हणजे त्रास खांद्याचा असणार, असं म्हणून खांद्याच्या ओपीडीत पाठवलं. तिथे मानेवरची पट्टी बघून म्हणाले, ‘मानेचं ऑपरेशन झालंय, त्यांनाच विचारा.’ फिजिओथेरपी विभागाचा फॉर्म भरायला गेले, तर त्यातलं निदान कार्डाशी जुळायला हवं. कार्डावर हाताचा उल्लेखच नाही, म्हणून हाताचे व्यायाम मंजूर नाहीत. रेकॉर्डच्या खिडकीवर दुरुस्ती मागितली, तर ‘डिस्चार्ज झाल्यावर कार्ड बदलत नाही.’ माझा लोंबणारा हात सगळ्यांना दिसत होता आणि प्रत्येक जण कागदाकडे बोट दाखवत होता. जी गुंतागुंत घरी गेल्यावरच उमटू शकते, तिच्यासाठी घरी पाठवण्याच्या दिवशीचा कागद शेवटचा शब्द कसा ठरतो? याचं उत्तर मला आजही कुणी दिलेलं नाही.

गाठ सुटली ती एका ज्येष्ठ डॉक्टरांमुळे. कार्ड बाजूला ठेवून ते म्हणाले, ‘ताई, दोन्ही हात उचला.’ एवढंच. मग नव्या केसपेपरवर तारीख घालून त्यांनी लिहिलं: उजवा डेल्टॉइड पाचपैकी दोन, बायसेप्स चार, डिस्चार्जच्या वेळी दोन्ही पाच, सी-फाइव्ह पाल्सी. त्या ओळीनंतर कुठेही अडलं नाही. रक्ताची गाठ नसेवर दाबत नाही ना, हे पाहायला एमआरआय झाला. गाठ नव्हती. व्यायाम लगेच सुरू झाले.

म्हणून कार्ड बदला म्हणत भांडत बसू नका. नवीन केसपेपर काढा आणि त्यावर ‘अशक्तपणा’ असं मोघम न लिहिता स्नायूचं नाव, पाचपैकी आकडा आणि तारीख लिहून मागा. डिस्चार्जच्या दिवशी दोन्ही हात उचलतानाचा व्हिडिओ घरच्यांकडून काढून घ्या. पुढे तोच पुरावा होतो.

हे सगळं फक्त खांदा आणि दंड कमजोर झाला असेल तर. मूठ सुटायला लागली, पाय जड पडले, लघवी अडली किंवा कमजोरी तासातासाला वाढते आहे असं वाटलं, तर ओपीडी नाही, थेट कॅज्युअल्टी गाठा. गळ्याच्या बाजूने ऑपरेशन झालेल्यांना पहिल्या एक-दोन दिवसांत मान सुजून श्वास अडायला लागला, तर तिथे मिनिटंही मोजायची नसतात.

खांदा दुसऱ्या हाताने किंवा घरच्यांच्या मदतीने रोज पूर्ण फिरवत राहा. नस सुधारेपर्यंत सांधा आखडला, तर जोर परत येऊनही हात वर जात नाही. बसताना कोपराखाली उशी घ्या, लोंबत्या हाताचं ओझं खांद्यावर पडू देऊ नका. बहुतेकांचा हात काही महिन्यांत सुधारतो, काहींना दोन वर्षंही लागतात. माझा आता डोक्याच्या वर जातो. जड डबा फळीवर ठेवताना अजून डावा मदतीला घ्यावा लागतो, पण केस माझे मी विंचरते आणि त्याचा मला अभिमान आहे.

एक राहिलंच. नसांची ईएमजी तपासणी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्यातले विजेचे संकेत पाहणं, फार लवकर करून ‘नॉर्मल’ आली, तर कुणालाही त्यावर फाइल बंद करू देऊ नका. नस दुखावल्याच्या खुणा स्नायूत दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. तेव्हा पुन्हा करायला सांगा.